धाकटीचं बोलणं

थोरलीच्या जिभेला हाड नाही, असं वस्तीतली माणसं म्हणायची आणि ते काही खोटं नव्हतं. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात चादरींना इस्त्री करायचं तिचं काम. यंत्राच्या तापलेल्या रुळांमध्ये ओली चादर सरकवायची, पलीकडून कडक होऊन आली की घडी घालायची आणि पुन्हा दुसरी सरकवायची. त्या वाफेत बाकीच्या बायका घामाने गळून मुक्या व्हायच्या, पण थोरलीचं तोंड रुळांच्या बरोबरीने चालू. मुकादमाची नक्कल करायची, वरच्या पाहुण्यांची नक्कल करायची. ते पाहुणे तिने जन्मात पाहिले नव्हते, कारण तळघरातल्या बायकांना वर जायची मुभा नव्हती. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती. पण खाली राबणाऱ्या सगळ्या काळ्या, कुरळ्या केसांच्या, आणि वर पाहुण्यांपुढे चहा नेणाऱ्या झाडून सगळ्या उजळ, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

तिच्या लोकांना शहर ‘बोटवाले’ म्हणायचं. त्यांच्या खापरपणज्यांना कधीकाळी बोटीत कोंबून इथे राबायला आणलं होतं, तेव्हापासून ते नाव चिकटलेलं. “आमच्यात एकाला धड पोहता येत नाही, आणि म्हणे बोटवाले!” थोरली म्हणायची, आणि बायका वाफेतून हसायच्या. खोली भाड्याने विचारायला गेलं, की दार उघडणारा यांचं तोंड बघून म्हणायचा, “अरेरे, आत्ताच दिली हो.” तीच खोली पुढच्या महिन्यातही रिकामी दिसायची. दुकानात शिरलं की दुकानदाराची नजर यांच्या पिशवीवर येऊन बसायची ती बाहेर पडेपर्यंत उठायची नाही.

धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ. ती घाऊक बाजारात बटाटे निवडायची, सडके एकीकडे, चांगले एकीकडे. मध्ये ते काम सुटलं होतं, आता ज्या दिवशी बोलावतील त्या दिवशी. दोघी जावा म्हणजे दोन टोकं. थोरली बोलली की भिंतीपलीकडची माणसं उत्तर द्यायची. धाकटीला मात्र मीठ हवं असलं तरी ती उठून स्वतः घ्यायची, मागायची नाही. थोरलीचा नवरा गोदीत माल अंगावर पडून गेला होता. धाकटीचा नवरा दूर कुठेतरी रस्त्याच्या कामावर होता, येईल तेव्हा येईल. दोघी एकाच खोलीत राहायच्या, आणि त्यांच्यात थोरलीची शाळेत जाणारी मुलगी. तिला थोरलीने जन्म दिला होता एवढंच, बाकी तिची वेणीफणी, अभ्यास, दुखणंखुपणं सगळं धाकटीकडे.

धाकटीलाही एक मुलगी झाली होती. ती अंगावर पिती असतानाच गेली. थोरली तेव्हा नवऱ्याबरोबर दुसऱ्या शहरात होती. निरोप मिळून ती धावत आली तोवर सगळं आटोपलं होतं. “तापाने गेली,” असं दिराने सांगितलं. धाकटी तेवढंही बोलली नाही. त्यानंतर त्या घरात तो विषय कुणी काढला नाही. थोरलीसारखी बोलकी बाई, पण तिथे तिचीही जीभ आखडायची.

पुढे वस्तीच्या टोकाला पालिकेचं जेवणघर सुरू झालं होतं. जुन्या आगीच्या बंबांच्या शेडमध्ये लांब बाकं टाकलेली. दुपारी गरम कढण, पाव आणि मुलांना पेलाभर दूध. थोरलीची पोरगी शाळा सुटली की परभारे तिथेच जायची. धाकटीला काम नसेल त्या दिवशी तीही जाऊन बसायची. कढण कधी पातळ असायचं, तेव्हा थोरली म्हणायची, “आज भाजीने त्यात नुसतं तोंड बघितलंय.” पण ते कढण होतं म्हणून वस्तीतल्या निम्म्या घरांत पोरं झोपत होती.

मग एके दिवशी जेवणघर बंद होणार अशी बातमी आली. वस्तीला आता त्याची गरज राहिलेली नाही, असं पालिकेचं म्हणणं होतं.

त्याच सुमारास एका संस्थेची बाई वस्तीत यायला लागली. तरणी, मनाने चांगली, पायात चिखलाला न घाबरणारे बूट. तिचं एकच वाक्य होतं, “ज्यांनी भोगलंय त्यांनीच बोललं पाहिजे.” पालिकेच्या सुनावणीत वस्तीतल्या लोकांनी स्वतः उभं राहावं, अशी तिची खटपट. माणसं शोधताना तिला थोरली सापडली नसती तरच नवल. थोरलीबरोबर एक म्हातारा शिंपी तयार झाला. आणि थोरलीने हाताला धरून ओढून नेली म्हणून धाकटी.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत बाई त्यांना बोलायला शिकवायची. “रागावून बोलू नका. रागावलं की ते लोक कान बंद करतात. पण फार रडूही नका.”

“मग करू काय, बाई?” थोरली म्हणाली. “गाणं म्हणू?”

बाई हसली, शिंपी हसला, धाकटीही गालात हसली. त्या खोलीत दुपारचं ऊन यायचं, चहा मिळायचा, आणि आपण बोललो की काहीतरी होतं असं थोरलीला पहिल्यांदाच वाटायला लागलं होतं. घरी परतताना ती रस्ताभर हातवारे करत आपलं भाषण म्हणायची.

अशाच एका संध्याकाळी धाकटी चालता चालता थांबली.

“जाऊबाई, तिथे माझ्या बाळाचं काढायचं नाही.”

“वेडी की काय! मी कशाला काढीन?”

“तुम्ही बोलायला लागलात की तुम्हाला भान राहत नाही.”

थोरलीला ते लागलं, पण खोटं कसं म्हणणार? तिने मुलीच्या गळ्याची शपथ घेतली. मग धाकटी पुढे चालायला लागली.

सुनावणीच्या दिवशी दोघींनी ठेवणीतले कपडे घातले. पालिकेच्या मोठ्या दारात पहारेकऱ्याने त्यांना आडवा हात घातला. “सफाईवाल्यांचं दार मागच्या बाजूला आहे.” बाईचा चेहरा लालबुंद झाला, ती तावातावाने त्याला समजावायला लागली. थोरली म्हणाली, “जाऊ द्या हो बाई, आमच्या कपड्यांना इस्त्री जरा जास्तच झाली, म्हणून ओळखलं त्याने.” हसत म्हणाली खरी, पण आत गेल्यावर तिने पदर पुन्हा पुन्हा नीट केला.

आधी शिंपी बोलला. त्याचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोहोचला नाही. मग थोरली उठली. तिने हॉटेलचं वरचं आणि खालचं सांगितलं. रिकाम्या असूनही न मिळालेल्या खोल्यांचं सांगितलं. पोरीला “पाणी पी आणि पड” असं सांगून आपण भिंतीकडे तोंड करून कसं निजायचो, तेही सांगितलं. तिने जिथे हसवायचं ठरवलं होतं तिथे माणसं हसली, आणि जिथे गप्प करायचं होतं तिथे सभागृह चिडीचूप झालं. ती खाली बसली तेव्हा बाईने तिचा हात घट्ट दाबला. थोरलीला वाटलं, जिंकलं.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मोठे सभ्य गृहस्थ, आवाजात साखर घोळलेली. “ताई, तुम्ही फार छान बोललात. तुमच्याकडे कला आहे. पण अडचण असणं वेगळं आणि उपासमार वेगळी. अडचण आहे, मी नाकारत नाही. पण या शहरात भुकेने कुणी मेलेलं नाही. तसं एखादं उदाहरण असेल तर अवश्य सांगा, आम्ही ऐकायलाच बसलो आहोत.”

थोरलीचं तोंड उघडलं. तापाचं तिला मनातून कधीच पुरतं पटलं नव्हतं, आणि आता शब्द अगदी दातांपर्यंत आले. तिने ओठ मिटले आणि समोरच्या टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडे बघत राहिली. धाकटीकडे बघायचं नाही, एवढंच तिने ठरवलं. बघितलं तरी ते सांगितल्यासारखंच झालं असतं.

शेजारची खुर्ची वाजली. धाकटी उभी राहिली होती.

“माझी मुलगी मेली,” ती म्हणाली.

तिला समोरचा माईक जवळ घ्यायचंही सुचलं नाही, पण ऐकू सगळ्यांना आलं.

“बाजारात नवा मुकादम आला, त्याला बोटवाले नको होते. काम गेलं. मी खाल्लं नाही म्हणून दूध आटलं. मग पिठात पाणी कालवून पाजलं. पीठ संपलं तेव्हा भांडं विसळून ते पाजलं. आधी ती फार रडायची. मग रडायची थांबली, तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, भरलं असेल पोट.”

ती थांबली नाही. एकाच सुरात, बटाटे निवडावेत तशी बोलत गेली.

“दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या बाईने माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, तुमच्या लोकांना इतकी पोरं काढायला सांगतं कोण, बस तिकडे. मी बसले. माझ्यामागून आलेले आत जाऊन आले. मला बोलावलं तोवर ती जड झाली होती. इतकीशी होती, आणि जड.”

आणि ती बसली.

थोरलीला आपण कुठे आहोत याची शुद्ध नव्हती. इतकी वर्षं ती ताप, ताप म्हणत आली होती. एका खोलीत, एका चटईवर झोपून तिला यातला एक शब्द ठाऊक नव्हता. मागे कुणीतरी नाक ओढत होतं. बाईने तोंडावर रुमाल धरला होता.

अध्यक्षांनीही मान खाली घातली. “आम्ही सगळे आपल्या दुःखात सहभागी आहोत,” ते म्हणाले, आणि ते खोटं वाटत नव्हतं. मग चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी हळूच विचारलं, “दवाखान्याने मृत्यूचं कारण काय सांगितलं होतं, ताई?”

धाकटी खाली बघत म्हणाली, “ताप.”

“ताप,” अध्यक्ष शेजारच्या कारकुनाला म्हणाले. कारकुनाने ते लिहून घेतलं.

जेवणघर बंद झालं. शेडला नवं शटर बसलं, आत सोफे आणि कपाटं विकायला आली. काही दिवस पोरं शाळा सुटल्यावर सवयीने तिकडे जायची आणि काचेला नाक लावून उभी राहायची. मग दुकानदाराने काच पुसायला लागते म्हणून त्यांना हाकलायला सुरुवात केली.

पण धाकटीचं बोलणं बंद झालं नाही. सुनावणीतलं तिचं बोलणं वर्तमानपत्रात आलं होतं, आणि बाईला जागोजागहून विचारणा होत होती. धाकटी नको म्हणेल अशी थोरलीची खात्री होती. ती हो म्हणाली.

“अगं, तूच मला शपथ घातली होतीस ना?” थोरलीने विचारलं.

“इतकी वर्षं गप्प होते, त्याने तरी काय झालं, जाऊबाई? एखाद्या ठिकाणी एखादं माणूस असं असेल, ज्याच्या हातात काहीतरी असेल.”

थोरलीला सोबत जायला पुढे वेळच वेळ मिळाला. सभागृहात हॉटेलचं वरचं-खालचं काढल्याचं हॉटेलात पोहोचलं होतं. मुकादम तिला कामावरून काढताना म्हणाला, “तुझ्या बोलण्याचा काही संबंध नाही हं. चादरीच कमी झाल्यात.” खाली चादरींचा ढीग छताला टेकला होता. थोरली त्या ढिगाकडे बघून म्हणाली, “हो, दिसतंय की.” पण या वेळी वाफेतून कुणी हसलं नाही. हसणाऱ्यांनाही पोटं होती.

सभा व्हायच्या त्या जागा छान असायच्या. गाद्यांच्या खुर्च्या, काचेचे पेले. पहिल्यांदा धाकटी पालिकेत बोलली तशीच बोलली. दुसऱ्या वेळी बाई तिला बाजूला घेऊन म्हणाली, “आज दवाखान्यातली मंडळी आली आहेत, त्यांची आपल्याला मदत असते. खिडकीवरचं तेवढं आज राहू दे.” धाकटीने ते राहू दिलं. पुढे एकदा बाई म्हणाली, “आजचा विषय भूक आहे. मुकादमाचं, वर्णाचं नको, विषयांतर होतं.” आणि त्यानंतर एका ठिकाणी, “आजचा विषय भेदभाव आहे, तर भुकेचं थोडक्यात.” बाई हे सगळं ओशाळून सांगायची. तिलाही वरून कुणीतरी सांगत असावं. धाकटी दर वेळी मान हलवायची. सडके एकीकडे, चांगले एकीकडे.

असं करता करता एका सभेत, मागच्या रांगेत बसलेल्या थोरलीच्या लक्षात आलं, की ‘तेव्हा मला बरं वाटलं’ या वाक्यापाशी धाकटी थांबते. मोजून मापून थांबते. त्या थांबण्यात पर्सा उघडल्या जातात, रुमाल बाहेर येतात, आणि मग ती पुढचं वाक्य उचलते. आपण भाषण पाठ करत रस्त्याने चालायचो, ते तिला आठवलं. तिला उठून ओरडावंसं वाटलं, की पुरे करा हे, सोडा तिला. पण कुणावर ओरडणार? सगळेच तर रडत होते.

सभेनंतर खाणं असायचं. श्रोत्यांतल्या एक बाई बशी घेऊन धाकटीजवळ आल्या, डोळे पुसत म्हणाल्या, “मी घरी जाऊन आज जेवूच शकणार नाही.” धाकटीने त्यांना हात जोडले. थोरलीने बाजूच्या टेबलावरचे पाव रुमालात बांधले आणि पदराखाली घातले. ते कुणी पाहिलं असतं तर, बोटवाल्यांकडून दुसरं काय होणार, असंच म्हटलं असतं. पण पोरगी घरी होती.

त्याच आठवड्यात, संध्याकाळी भांडी घासता घासता धाकटी म्हणाली, “जाऊबाई, मला तिचा चेहरा आठवेना झालाय.”

थोरलीने घासलेलं ताट पुढ्यात ओढलं.

“आधी नुसते डोळे मिटले तरी दिसायची. मी कुणाला सांगितलं नव्हतं ना, म्हणून असेल. आता सांगताना एक दिसते, पण ती माझीच नाही वाटत. लोकांना सांगायला केलेली वाटते.”

“मग नको जाऊस. मी सांगते बाईला.”

“न जाऊन ती परत दिसेल का?”

जिला कधी शब्द कमी पडला नाही, ती थोरली नुसती ताट विसळत बसली. ताट स्वच्छ झालं तरी विसळत राहिली.

पुढच्या सभा झाल्याच नाहीत. एके दुपारी बाई आली, दारातच उभी राहिली. प्रकल्पाची मुदत संपली होती. संस्थेने पुढच्या वर्षासाठी दुसरा विषय घेतला होता आणि दुसरी वस्ती. “तुम्ही खूप मोठं काम केलंत,” असं म्हणून ती धाकटीच्या गळ्यात पडली. रडली, अगदी मनापासून रडली. जाताना धाकटीला चौकटीतला एक फोटो दिला. त्यात धाकटी माईकपुढे उभी होती, तोंड उघडं, एक हात वर. घरमालकाने भिंतीला खिळे ठोकायला मनाई केली होती, म्हणून फोटो ट्रंकेमागे गेला. शिंप्याला बाई भेटू शकली नाही. तो आधीच मुलाकडे कायमचा निघून गेला होता, असं शेजारी सांगत. मुलगा कुठे असतो हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

घाऊक बाजारात बोलावणं येईनासं झालं होतं. थोरली घरोघर कपडे मागत फिरली, पण इस्त्रीला आपले कपडे बोटवालीच्या हातात द्यायला माणसं कचरत होती. नदीच्या पुलापलीकडे एक जेवणघर अजून चालू आहे, असं कुणीतरी सांगितलं. दोघी भांडं घेऊन निघाल्या. पोरीला घरीच ठेवली. चालून चालून तिला आणखी भूक लागली असती.

रांग मोठी होती, पण सरकत होती. आतून कढणाचा वास येत होता. दाराशी टेबल टाकून एक मुलगी बसली होती. तिने धाकटीकडे बघितलं आणि ती ताडकन उभीच राहिली.

“तुम्ही! मी तुम्हाला ऐकलंय. आमच्या कॉलेजात आला होतात ना तुम्ही?” तिचे डोळे बघता बघता भरून आले. “तुमच्यामुळे मी इथे काम करायला लागले. खरंच सांगते, तुमच्यामुळेच.”

तिने टेबलाला वळसा घालून धाकटीचे दोन्ही हात हातात घेतले. रांगेतली माणसं माना उंच करून बघायला लागली. धाकटीच्या चेहऱ्यावर, थोरलीने कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं असं काहीतरी आलं.

“राहता कुठे तुम्ही?” मुलीने विचारलं.

धाकटीने वस्तीचं नाव सांगितलं.

मुलीचे हात सैल झाले. “पुलापलीकडे?” ती म्हणाली. “अहो, हे फक्त या बाजूच्या लोकांसाठी आहे. मला तसं बजावून ठेवलंय. एकाला दिलं की तिकडची सगळी वस्ती येते, असं म्हणतात ते.” ती मागे वळून बघत होती. आत एक माणूस पळी घेऊन उभा होता आणि इकडेच बघत होता.

“आम्हाला नको,” थोरली म्हणाली. “एका पोरीपुरतं घाला भांड्यात. शाळेत जाते ती.”

“माझ्या हातात असतं तर...” मुलगी म्हणाली. तिला रडू आवरेना. “मला माफ करा.”

“तुझं काय चुकलं त्यात,” धाकटी म्हणाली, आणि उलट तिनेच त्या मुलीच्या पाठीवर हात फिरवला. मागचे लोक पुढे रेटायला लागले. दोघी बाजूला झाल्या.

दोघी पूल ओलांडून परत निघाल्या. वारा होता, रिकामं भांडं थोरलीच्या हातात हलकं लागत होतं. घरी काय सांगायचं ते ती मनात जुळवत होती. दारात पोरगी वाटच बघत होती.

“मिळालं?”

“त्यांचंच संपलं होतं गं,” थोरली म्हणाली. “उशीर झाला आपल्याला. उद्या लवकर जाऊ.”

धाकटीने पायातल्या चपला काढून भिंतीशी ठेवल्या.

“संपलं नव्हतं,” ती म्हणाली. “होतं. दिलं नाही.”

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. धाकटी कुणाला ऐकवायला बोलत नव्हती. कुठे थांबली नाही, की आवाज चढवला नाही.

पोरीने एकदा आईकडे बघितलं, एकदा काकीकडे. मग मान हलवली, जणू हे तिला आधीच ठाऊक होतं, आणि दप्तर उशाला घेऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. बाहेर अजून चांगला उजेड होता, रस्त्यावर तिच्या वयाची पोरं खेळत होती. धाकटी तिच्या पाठीशी जाऊन बसली आणि तिचे केस सोडवायला लागली. थोरली रिकामं भांडं घेऊन दारातच उभी राहिली.